पॉलिमर-स्थिर लिक्विड क्रिस्टलचा सेल: काच कापण्यापासून व्होल्टेज देईपर्यंत

दोन काचा, मध्ये १० मायक्रॉनची फट आणि त्या फटीत जेमतेम ४ मायक्रोलिटर द्रव. एवढ्याच सामानातून असा सेल बनतो जो व्होल्टेज नसताना साध्या काचेसारखा पारदर्शक दिसतो, काही दहा व्होल्ट दिले की धुरकट होतो आणि व्होल्टेज काढताच पुन्हा स्वच्छ होतो. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या एमएस्सी प्रकल्पासाठी हा विषय मला नेहमी योग्य वाटतो. उपकरणं साधी लागतात आणि जे घडतं ते डोळ्यांना दिसतं. शिवाय घरातल्या बऱ्याच एलसीडी टीव्हींच्या पॅनेलमध्ये याच युक्तीचं एक रूप वापरलेलं असतं.

युक्ती थोडक्यात अशी. लिक्विड क्रिस्टल म्हणजे असा द्रव ज्याचे काडीसारखे रेणू एकाच दिशेत रांगेने राहतात. नेहमीच्या लिक्विड क्रिस्टलमध्ये ३ ते ५ टक्के असा मोनोमर, म्हणजे पॉलिमरचा सुटा घटक, मिसळायचा ज्याचे रेणू स्वतःही काडीसारखे लांबट असतात. ते आजूबाजूच्या रेणूंच्या रांगेत निमूटपणे बसतात. मग यूव्ही प्रकाश टाकायचा. मोनोमर एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाच्या आत एक विरळ जाळी तयार होते, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तेलात बुडवून ठेवावी तशी. लिक्विड क्रिस्टल वाहतं, वळतं, पण जाळी त्याला मूळ दिशेकडे ओढत राहते. पॉलिमरचं प्रमाण बरंच वाढवलं, म्हणजे तीस-चाळीस टक्क्यांवर नेलं, तर द्रवाचे सुटे थेंब पॉलिमरमध्ये अडकतात आणि तो पदार्थ वेगळाच होतो. आपण १० टक्क्यांच्या बरंच खाली राहणार आहोत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण पुढची सगळी कृती तिच्याभोवती फिरते. यूव्ही पडत असताना रेणू ज्या दिशेत असतील, तीच दिशा जाळीत कायमची विणली जाते. तेव्हाचं तापमान, तेव्हाचं व्होल्टेज, तेव्हाचे दोष, सगळं. नंतर दुरुस्ती नाही. त्यामुळे दिवा लावेपर्यंतचं काम घाई न करता करायचं आणि दिवा लावण्यापूर्वी सेल कसून तपासायचा.

काय काय लागेल

लिक्विड क्रिस्टल म्हणून ई-७ घ्या. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सायनोबायफेनिल कुटुंबातले रेणू बनवले. ई-७ हे त्या कुटुंबातल्या तीन रेणूंचं आणि त्यांच्याच जातीच्या एका टरफेनिलचं मिश्रण आहे. त्या तिघांपैकी एक, ५सीबी, नुसतं घेतलं तर स्वस्त पडतं, पण ते ३५ अंशांनाच साधा द्रव होतं. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, पंख्याखालच्या प्रयोगशाळेत, त्याचा भरवसा नाही. ई-७ साठ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. त्याचे दोन अपवर्तनांक (रेणूंच्या काटकोनात आणि त्यांच्या लांबीच्या दिशेत) साधारण १.५२ आणि १.७४ आहेत. फरक सुमारे ०.२२ म्हणजे भरपूर, आणि प्रकाश विखुरण्यासाठी तोच हवा.

मोनोमर आरएम-२५७. याच्या दोन्ही टोकांना अॅक्रिलेट गट असतात, म्हणून साखळी न होता जाळी होते. तिसरा घटक फोटोइनिशिएटर, इरगाक्युअर ६५१. तो ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात फुटतो आणि जोडणी सुरू करून देतो.

काच आयटीओच्या, म्हणजे इंडियम-टिन ऑक्साइडच्या, पारदर्शक पण वीज वाहून नेणाऱ्या लेपाची. दिव्याची तरंगलांबी ३६५ नॅनोमीटरच हवी आणि इथे बरेच जण फसतात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गोंद वाळवायला जे जांभळे एलईडी दिवे असतात ते बहुतेक ३९५ किंवा ४०५ चे असतात. त्यांच्याखाली इरगाक्युअर ६५१ जवळजवळ ढिम्म बसतो. उलट २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा वापरला तर तो प्रकाश काचेतून आत पोचतच नाही, आणि पोचला असता तर लिक्विड क्रिस्टलच बिघडलं असतं. त्या दुकानातून एक वस्तू मात्र जरूर मागून आणा: फुटलेल्या एलसीडी स्क्रीनवरून सोललेली पोलरायझरची फिल्म, जी एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देते. दोन तुकडे मिळाले की तपासणीची निम्मी सोय झाली.

बाकी हॉट प्लेट, फंक्शन जनरेटर, शंभर व्होल्टपर्यंत नेणारा अॅम्प्लिफायर, फोटोडायोड, हेलियम-निऑन लेझर किंवा साधा लाल लेझर. पोलरायझर लावलेला सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच.

काच आणि तिची तयारी

काच आयटीओच्या उलट बाजूने हिऱ्याच्या लेखणीने आखून तोडा. लेप कोणत्या बाजूला आहे हे डोळ्यांना कळत नाही. मल्टिमीटर रोधावर ठेवून दोन्ही टोकं काचेला टेकवा. ज्या बाजूला काही ओहम दिसतील ती लेपाची. प्रत्येक पायरीनंतर ही तपासणी पुन्हा करायची सवय लावा. एक काच उलटी बसली तर आख्खा सेल मुका राहतो आणि ते शेवटीच लक्षात येतं.

धुण्याचा क्रम नेहमीचाच: साबणाचं पाणी, डिस्टिल्ड पाणी, अॅसिटोन, आयसोप्रोपेनॉल, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये. शेवटी पाण्याचा एक थर काचेवर सोडून पाहा. तो अखंड पसरला तर काच स्वच्छ. थेंब थेंब होऊन मागे सरकला तर तेलकटपणा बाकी आहे, पुन्हा धुवा.

रेणूंनी कोणत्या दिशेला पडायचं हे काचेवरचा पातळ थर ठरवतो. पॉलिइमाइड मिळालं तर तेच घ्या. स्पिन कोटरवर मिनिटाला ३००० फेऱ्यांनी अर्धा मिनिट फिरवा आणि बनवणाऱ्याच्या पत्रकात दिलेल्या तापमानाला भाजा. ते तापमान जातीनुसार बदलतं, त्यामुळे दुसऱ्याच्या वहीतला आकडा उचलू नका. पॉलिइमाइड नसेल तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पाण्यातलं एक टक्का द्रावण चालतं. गाळून घ्या, फिरवा, शंभर-एकशेवीस अंशांना तासभर भाजा. त्याची खोड एकच, ते हवेतलं पाणी ओढतं. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात भाजलेली काच रात्रभर टेबलावर ठेवली तर सकाळी भरवशाची राहत नाही. भाजलं की घासा, घासलं की लगेच सेल जोडा, आणि मध्ये थांबावंच लागलं तर डेसिकेटरमध्ये ठेवा.

घासण्यासाठी रेयॉनचं मखमली कापड एका लाकडी ठोकळ्याला ताणून गुंडाळा. ठोकळा स्वतःच्या वजनाने टेकू द्या, वरून जोर लावू नका. एकाच दिशेने दहा-बारा वेळा ओढा. परत येताना कापड काचेला लागता कामा नये. लगेच काचेच्या मागच्या बाजूला मार्करने बाणाची खूण करा. घासलेल्या बाजूला बोट, टिश्यू, फुंकर यापैकी काहीही लागू देऊ नका. सुक्या नायट्रोजनचा हलका झोत पुरे.

आता जोडणी. दोन्ही काचांचे लेप आत, बाण परस्परांच्या उलट दिशेला, आणि एक काच दुसरीपेक्षा तीन-चार मिलिमीटर सरकवलेली, म्हणजे वायर लावायला कडा मोकळ्या राहतात. फट राखण्यासाठी १० मायक्रॉनच्या काचेच्या गोळ्या यूव्ही गोंदात मिसळून दोन कडांवर बारीक रेघ ओढा. उरलेल्या दोन कडा भरण्यासाठी उघड्या ठेवा. चिमटे लावा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सेलमध्ये पाहा. रंगीत पट्टे दाट आणि वाकडे असतील तर फट पाचरीसारखी झाली आहे. एका कोपऱ्यावर नखाने हलकं दाबलं की पट्टे सरकतात. ते रुंद आणि मोजकेच राहिले की तसंच धरून गोंद वाळवा.

फटीची खरी जाडी स्पेक्ट्रोमीटरने निघते. रिकाम्या सेलमधून गेलेल्या प्रकाशात चढउतार दिसतात. दोन शिखरांच्या तरंगलांबींचा गुणाकार करा, त्यांच्यामध्ये जितके पट्टे असतील त्या संख्येने गुणा आणि दोन तरंगलांबींच्या फरकाच्या दुपटीने भागा. ५०० आणि ६०० नॅनोमीटरच्या शिखरांमध्ये ७ पट्टे आले तर जाडी १०.५ मायक्रॉन. हा आकडा सेलच्या काठावरच लिहून ठेवा. भरल्यावर तो इतक्या सहज मोजता येत नाही.

मिश्रण: खरी कसोटी वजनाची

आपल्याला ९५.६ टक्के ई-७, ४ टक्के आरएम-२५७ आणि ०.४ टक्का इनिशिएटर हवा. २०० मिलिग्रॅमचा घाणा करायचा तर हे अनुक्रमे १९१.२, ८ आणि ०.८ मिलिग्रॅम होतात. प्रयोगशाळेतल्या चांगल्या तराजूचा शेवटचा आकडा ०.१ मिलिग्रॅमचा असतो आणि तोही पंख्याच्या वाऱ्याने नाचतो. ८ मिलिग्रॅम त्यावर जमून जातं. ०.८ मात्र जमत नाही, दहा-वीस टक्के चूक ठरलेली.

म्हणून इनिशिएटरचं द्रावण करा. १० मिलिग्रॅम इनिशिएटर १० मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवला की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. त्यातलं ०.८ मिलिलिटर घ्यायचं. इथेही एक मेख आहे. डायक्लोरोमिथेन इतकं उडतं की नेहमीच्या मायक्रोपिपेटच्या टोकातून ते आपोआप गळू लागतं. टोकातली हवा त्याच्या वाफेने भरेपर्यंत द्रव दोन-तीन वेळा आत-बाहेर करा, मग माप घ्या. किंवा सरळ काचेची सिरिंज वापरा, मी तेच सुचवेन.

क्रम असा: तपकिरी कुपीत आधी आरएम-२५७ तोला, त्यावर इनिशिएटरचं द्रावण सोडा, मग ई-७ घाला. ई-७ दाट असतं, ठरलेल्या वजनाला अचूक थांबवता येत नाही. आधी तेच जास्त पडलं तर बाकीच्यांचं गणित पुन्हा मांडावं लागतं. शेवटी घातलं तर प्रमाण किंचित बदलतं इतकंच. जे वजन आलं ते लिहा, आलं असतं तर बरं ते नको.

कुपी फ्यूम हूडमध्ये ४० अंशांच्या हॉट प्लेटवर झाकण उघडं ठेवून फिरवत ठेवा. द्रावक निघून गेला हे वासावरून ठरवायचं नाही. कुपी तोला, अर्ध्या तासाने परत तोला, वजन थांबलं की झालं. शेवटी थोडा वेळ व्हॅक्यूम दिला तर चालेल, पण गरम करून तासन्‌तास ठेवू नका. शिल्लक राहिलेला द्रावक ई-७ चा साठ अंशांचा टप्पा खाली आणतो, सेलमध्ये बुडबुडे करतो आणि दोष मात्र मोनोमरच्या माथी मारला जातो.

हे सगळं मंद पिवळ्या उजेडात करा. ट्यूबलाइटमध्येही थोडा यूव्ही असतो आणि खिडकीतल्या उन्हात तर भरपूर. खिडकीला पिवळी फिल्म लावली तरी पुरतं. अॅक्रिलेट मोनोमरची त्वचेला अॅलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती पाठ सोडत नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. डायक्लोरोमिथेन त्यांतूनही झपाट्याने आरपार जातं, म्हणून थेंब पडला की मोजे लगेच बदला.

भरणे

मिश्रण आणि रिकामा सेल दोन्ही ७० अंशांना आणा. दुधी दिसणारा द्रव त्या तापमानाला पाण्यासारखा स्वच्छ होतो. तो पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय भरू नका. दुधी अवस्थेत भरलं तर रेणू वाहण्याच्या दिशेला झोपतात आणि प्रवाहाच्या रेघा जाळीत कायम राहतात.

उघड्या कडेला एक थेंब टेकवा. केशाकर्षणाने तो स्वतःच आत शिरतो. दोन्ही कडांनी एकदम भरायचं नाही, मध्ये हवा कोंडते. थेंब शक्यतो घासण्याच्या दिशेने आत सरकेल असा लावा. भरल्यावर हॉट प्लेट मिनिटाला एक अंश या बेताने खाली आणा. प्लेट बंद करून जेवायला जाणं हे त्याचं साधं रूप आहे आणि बहुतेक वेळा तेवढंही पुरतं. फक्त दिवा लावायच्या आधी सेल खोलीच्या तापमानाला आलेला असावा.

यूव्हीपूर्वीची तपासणी

एक पोलरायझर सेलच्या खाली, दुसरा वर आणि दोघांच्या दिशा काटकोनात. सेल असा ठेवा की बाण खालच्या पोलरायझरच्या दिशेत येईल. सेल काळा दिसला पाहिजे. ४५ अंशांतून फिरवा, उजळला पाहिजे. काळ्या स्थितीत चांदण्या चमकत असतील तर धूळ किंवा फट राखणाऱ्या गोळ्या, ते चालतं. धाग्यासारख्या उजळ रेघा दिसल्या तर रेणूंची दिशा जागोजागी बदलते आहे. मग सेल पुन्हा ७० अंशांवर न्या आणि आणखी सावकाश थंड करा. तरीही रेघा तिथेच आल्या तर घासण्यात गडबड आहे. तो सेल सरावासाठी बाजूला ठेवा.

आता ४५ अंशांच्या स्थितीत १ किलोहर्ट्झचं एसी व्होल्टेज हळूहळू वाढवा. डीसी कधीच नको. द्रवात आयन असतात, ते एका काचेकडे गोळा होतात आणि सेल बिघडवतात. शून्यावर सेल फिकट, पांढुरका दिसेल. एका व्होल्टच्या आसपास रंग हलायला लागतात, गुलाबी, हिरवा, पुन्हा गुलाबी, आणि व्होल्टेज वाढवत नेलं की रंग गडद होत होत शेवटी करडा आणि मग जवळजवळ काळा येतो. रेणू आडवे होते ते उभे राहिले, म्हणून रंग उतरत गेले. ही दोन मिनिटं मन लावून पाहा. यूव्हीनंतर हा खेळ असा पुन्हा दिसणार नाही.

एक व्होल्टचा आकडा कुठून आला? स्थितिस्थापकतेचा स्थिरांक ११ पिकोन्यूटन आणि परावैद्युतांकातला फरक सुमारे १३.८ धरला तर शुद्ध ई-७ चा उंबरठा, म्हणजे रेणू वळायला लागतात ते व्होल्टेज, ०.९५ व्होल्टच्या आसपास निघतो, आणि तो फटीच्या जाडीवर अवलंबून नसतो. म्हणूनच ही तपासणी उपयोगाची आहे. जाडी काही का असेना, रंग एका व्होल्टच्या आसपास हलायला लागले नाहीत तर वायर, लेप किंवा मिश्रण यांपैकी काहीतरी चुकलं आहे. याच वेळी काय ते शोधा.

यूव्ही

व्होल्टेज शून्यावर आणा. दिव्याची तीव्रता सेलच्या जागी ठेवलेल्या मीटरने मोजा. चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट असेल तर दहा मिनिटांत ३ जूल पोचतात. एवढ्यावर सुरुवात करा. तीव्रता वाढवली तर जाळी बारीक विणीची होते, कमी ठेवली तर भरड. बारीक विणीने सेल झटपट परततो पण व्होल्टेज जास्त मागतो. यातलं काय हवं हे प्रकल्पाच्या उद्देशावर आहे. शंका असेल तर आधी मंद दिव्याने करा.

तापमान दिव्याच्या उष्णतेने चढतं हे विसरलं जातं. थर्मोकपल काचेला चिकटवून एकदा रिकाम्या सेलवर पाहून घ्या. मिश्रण त्याच्या लिक्विड क्रिस्टल अवस्थेतच राहिलं पाहिजे. ते साध्या द्रवात गेलं आणि तेव्हा जाळी बनली तर जाळीला दिशाच नसते. थंड झाल्यावर सेल शून्य व्होल्टलाच धुरकट दिसतो आणि तो धुरकटपणा जात नाही. दिवा लागलेला असताना व्होल्टेज देऊन पाहायचा मोहही टाळा. डोळ्यांना यूव्ही अडवणारा चष्मा हवाच.

भरण्याच्या कडांपाशी काही मिलिमीटर जागा कच्ची राहते. हवेतला ऑक्सिजन जोडणी अडवतो. मोजमापं मधल्या भागातच घ्या.

काय मोजायचं

लेझर, पोलरायझर, सेल आणि त्यापासून थोडा दूर फोटोडायोड एका रेषेत मांडा. दूर अशासाठी की विखुरलेला प्रकाश त्यात शिरू नये. आधी पोलरायझर बाणाच्या दिशेत ठेवा आणि व्होल्टेज वाढवा. एक व्होल्टला आता काहीच होणार नाही. जाळीने रेणू धरून ठेवले आहेत. जाळीच्या दाटपणानुसार दहा, वीस, कधी आणखी वरच्या आकड्यापाशी लेझरचा लाल ठिपका पसरायला लागतो आणि फोटोडायोडचा आकडा घसरतो. ठिकठिकाणचे रेणू कमी-जास्त वळतात, शेजारच्या भागांचे अपवर्तनांक जुळत नाहीत, प्रकाश विखुरतो.

आता व्होल्टेज तसंच ठेवून पोलरायझर ९० अंशांनी फिरवा. ठिपका परत टोकदार होतो. बाणाला काटकोनात असलेल्या प्रकाशाला रेणू वळले काय किंवा न वळले काय, १.५२ हाच अपवर्तनांक दिसतो. तोंडी परीक्षेत विचारण्याजोगी ही गोष्ट आहे आणि दाखवायला दहा सेकंद लागतात. शंभर व्होल्टचा अॅम्प्लिफायर जोडलेला असताना उघड्या कडांना हात लावू नका, एवढं मात्र सांभाळा.

परतण्याचा वेग ऑसिलोस्कोपवर पाहा. जाळी नसलेल्या सेलमध्ये परतायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० मायक्रॉनच्या सेलला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात, ५ मायक्रॉनला त्याच्या चौथाई. जाळी आल्यावर रेणूंसाठी खरी भिंत काचेची राहत नाही, ती जाळीच्या धाग्यांची होते, आणि ते अंतर एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. म्हणून वेळ काही मिलिसेकंदांवर येतो. त्याची किंमत आपण चढलेल्या व्होल्टेजमध्ये मोजलेली असते. तुलनेसाठी मोनोमर न घातलेला, बाकी सगळं तसंच, असा एक सेल याच दिवशी बनवून ठेवा. त्याच्याशिवाय तुमच्या आलेखाला अर्थ नाही.

पुढची पायरी: पीळ घातलेलं मिश्रण

वर पाहिलं तसा हा सेल अर्धाच प्रकाश विखुरतो. सगळा विखुरायचा तर मिश्रणात आर-८११ सारखा पीळ देणारा पदार्थ घाला. रेणूंची दिशा मळसूत्रासारखी फिरत जाते आणि पोलरायझरची गरज संपते. या वाटेवरचं सुरुवातीचं बरंच काम अमेरिकेतल्या केंट स्टेट विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी झालं. दिशा राखलेल्या मोनोमरची जाळी करण्याची मूळ कल्पना त्याआधी नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत डिर्क ब्रूर आणि सहकाऱ्यांनी रुजवली होती.

किती घालायचं? पिळाची लांबी १ मायक्रॉन ठेवली तर सेल परावर्तित करेल तो प्रकाश १.६ मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, आणि सेल स्वच्छ दिसतो. आर-८११ ची पीळ देण्याची ताकद मायक्रॉनला सुमारे ११ धरली तर ९ टक्के लागतात. तेवढ्याने ई-७ चा वाटा कमी करा, मोनोमर तोच ठेवा.

आता यूव्हीच्या वेळी व्होल्टेज द्यायचं की नाही, यावर दोन अगदी उलट सेल मिळतात. शून्य व्होल्टला जाळी बनवली तर आधीसारखाच: व्होल्टेज नसताना स्वच्छ, दिल्यावर धुरकट. पण पीळ पूर्ण उलगडून रेणू उभे राहतील एवढं व्होल्टेज यूव्ही चालू असतानाही देत राहिलात तर जाळी उभी विणली जाते. मग शून्यावर पीळ परत येऊ पाहतो, जाळी त्याला नीट बसू देत नाही, सेल धुरकट होतो आणि व्होल्टेज दिल्यावर स्वच्छ. पीळ उलगडायला १ मायक्रॉनच्या पिळासाठी हिशेबाने मायक्रॉनला २.३ व्होल्ट लागतात, म्हणजे आपल्या सेलला २३. प्रत्यक्षात थोडे जास्तच द्या आणि यूव्ही सुरू करण्याआधी सेल स्वच्छ दिसतो ना हे पाहा. या दुसऱ्या प्रकाराला काचेवर रेणू उभे करणारा थर अधिक मानवतो. घासलेला थर वापरल्यास काठाशी थोडा पीळ उरतो.

व्होल्टेज देऊन यूव्ही टाकण्याची हीच युक्ती टीव्हीच्या पॅनेलमध्ये येते. तिथे मोनोमर एक टक्क्याहूनही कमी असतो आणि जाळी द्रवभर पसरण्याऐवजी काचेलगत बसते. उभ्या रेणूंना एक-दोन अंशांचा कल देऊन तो कल गोठवतात, म्हणजे पुढे व्होल्टेज आल्यावर कोणत्या बाजूला पडायचं हे रेणूंना आधीच ठाऊक असतं. तिथे ई-७ मात्र चालत नाही. सायनो गट आयन धरून ठेवतो आणि पिक्सेलवरचा विद्युतभार टिकत नाही, म्हणून फ्लुओरीन असलेली मिश्रणं वापरतात. इनिशिएटरही टाळतात, मोनोमरच थेट यूव्ही शोषतो.

बिघाड आणि त्यांची कारणं

सेल शून्य व्होल्टला धुरकट दिसतो: सर्वांत आधी यूव्हीच्या वेळचं तापमान तपासा, मग मोनोमरचं प्रमाण. ४ ऐवजी ३ टक्क्यांवर करून पाहा. पीळ असलेल्या सेलमध्ये धुरकटपणा भरल्याबरोबरच दिसत असेल तर व्होल्टेज एकदा वर नेऊन झटकन काढा, बरेचदा रेणू आडवे होऊन स्वच्छ होतो. हे अर्थातच यूव्हीपूर्वी.

व्होल्टेज देऊनही काही होत नाही: मल्टिमीटरने दोन काचांमधला रोध पाहा. काही ओहम आला तर काचा कुठेतरी टेकल्या आहेत, बहुधा चिमट्याच्या दाबाने किंवा धुळीच्या कणाने. रोध अनंत असेल तर लेपाची बाजू आणि वायरचा सांधा पाहा. चांदीच्या पेस्टचा थेंब वाळण्याआधी वायर हलली की असं होतं.

काल चाललेलं व्होल्टेज आज पुरत नाही, किंवा व्होल्टेज काढल्यावर आधीच्या आकाराची फिकट सावली उरते: मोनोमर पूर्ण संपलेला नाही. खोलीच्या उजेडातही तो थोडा थोडा जुळत राहतो आणि जाळी दाट होत जाते. पॅनेल बनवणारे यासाठी व्होल्टेज न देता दुसऱ्यांदा यूव्ही टाकतात. तुम्हीही पहिली दहा मिनिटं झाल्यावर व्होल्टेज काढून आणखी वीस मिनिटं मंद दिव्याखाली ठेवा आणि त्यानंतरच पहिला आलेख काढा. उंबरठा दुसऱ्या दिवशीही हललेला दिसला तर दिव्याची तीव्रता मीटरने पुन्हा मोजा. जुने दिवे डोळ्यांना तेवढेच उजळ दिसतात, पण त्यांचा ३६५ चा प्रकाश बराच उतरलेला असतो.